आईच बाई झाली तर

मुलाला शाळेत घालावे की घरीच शिकवावे, असा प्रश्न आपल्या आजोबांना कोणी विचारला असता तर त्यांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. त्यांच्या काळी शाळा मिळणे हेच भाग्य. कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यातून मुलगा मुंबईला यायचा, मावशीच्या नाहीतर चुलत्याच्या बिऱ्हाडी वळकटी टाकायचा, घरची वरकामे करायचा आणि मॅट्रिक व्हायचा. केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी जी शाळा काढली आणि जी पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली गेली, तिच्या बाकावर बसलेल्यांना विचारा. शाळा नको असे म्हणणारा मुलगा त्यांच्या मते एकतर आजारी असायचा, नाहीतर उनाड.

आणि आज त्यांचीच पतवंडे, दोन दोन पदव्या घेतलेली, शाळा हाकेच्या अंतरावर असताना म्हणतात की आम्ही मुलांना घरीच शिकवणार. वडीलधारी मंडळी हसतात. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. शाळेने मुलांचे काय काय केले आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे. १९७१ साली इव्हान इलिच यांनी शाळा ही संस्थाच समाजातून उठवावी असे पुस्तक लिहिले, आणि १९७७ पासून अमेरिकेत जॉन होल्ट यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक चालवले. ही माणसे वेडी नव्हती.

पण या सगळ्या वादात एक गोष्ट मला सारखी खटकते. बोलणारा बहुधा बाप असतो, आई असते, शिक्षक असतो, नाहीतर सरकार असते. सकाळी आठ वाजता जेवणाच्या टेबलावरची ताटे बाजूला सारून ज्याला वही उघडायची आहे, त्याचे म्हणणे कोणी मांडत नाही. ते मांडता आले तर पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण मी मुद्दाम ओमानचे घेतो. आपण जे देश सोडून आलो ते बहुतेक कायमचे आलो. नव्या देशाची भाषा आपल्या मुलांची झाली, तिथली शाळा त्यांची शाळा झाली. आखातात गेलेल्या मराठी माणसाचे तसे होत नाही. तो वीस वर्षे राहिला तरी पाहुणाच असतो. त्याची बायकामुले त्याच्या नोकरीच्या आधारावर त्या देशात राहतात. नोकरी गेली की बिऱ्हाड हलले, मग शाळेचे वर्ष अर्धे झालेले असो की परीक्षा तोंडावर आलेली असो. अशा ठिकाणी मुलाला घरी शिकवणे ही पुष्कळदा हौस नसते, अडचण असते. आणि अडचणीत सापडलेल्या घरात या प्रश्नाची सगळी अंगे उघडी पडतात.

मस्कतची इंडियन स्कूल १९७५ साली सुरू झाली. आज ओमानभर वीसहून अधिक भारतीय शाळा आहेत. अभ्यासक्रम दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचा, माध्यम इंग्रजी, वर्ष एप्रिलपासून. सलालाह, सोहार, निझवा, सूर येथेही अशा शाळा आहेत. पण देश मोठा आहे. क्षेत्रफळाने ओमान जवळजवळ महाराष्ट्राएवढा, तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडा वर, आणि वस्ती मात्र पन्नास लाखांच्या आसपास. मस्कतहून सलालाह म्हणजे हजार किलोमीटर वाळवंट. बाप तेलाच्या कंपनीत किंवा रस्त्याच्या कामावर आडजागी असला की शाळा परवडण्याजोग्या अंतरावर राहत नाही. कोणाला तीन मुलांची फी झेपत नाही, कोणाचे मूल अशक्त असते, कोणाला दोन वर्षांत परतायचेच असते. मग भारताची राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्था मदतीला येते. ती १९८९ साली स्थापन झाली. दहावीला पाच विषय, आणि नापास झाल्यास पाच वर्षांत मिळून नऊ वेळा परीक्षेस बसण्याची मुभा. आपल्या वेळच्या सतरा नंबरच्या फॉर्मचीच ही सुधारलेली बहीण. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून मॅट्रिकला बसणाऱ्याकडे लोक कसे पाहत ते ज्यांना आठवते, त्यांना हेही कळेल की त्या नऊ संधींचे मोल मुलाच्या लेखी किती आहे.

आता घरी शिकणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते ते पाहू. पहिली गोष्ट वेळ. ओमानच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पहाटे उठून बसची वाट पाहणे, दुपारच्या उन्हात तापलेल्या बसमधून परतणे, हे सगळे वाचते. शाळेत चाळीस मुलांना एकदम शिकवायचे असते, म्हणून एकाला कळले तरी त्याने थांबायचे आणि दुसऱ्याला नाही कळले तरी त्याने पुढे जायचे. घरी असे नाही. तेराचा पाढा यायला आठवडा लागला तर आठवडा, आणि इतिहासाचे पुस्तक दोन दिवसांत संपले तर तेही चालते. हळू शिकणाऱ्या मुलाला याचे सुख किती असते ते हुशार मुलांच्या आईबापांना सांगून समजणार नाही. रोज वर्गात उभे राहून आपल्याला येत नाही हे जाहीर करण्याची शिक्षा त्याची टळते.

दुसरे, बिऱ्हाड हलले तरी अभ्यास हलत नाही. मस्कतहून पुणे, पुण्याहून पुन्हा दोहा किंवा सोहार, अशी चार वर्षांत तीन शाळा बदललेली मुले आखातात पुष्कळ. प्रत्येक ठिकाणी नवा युनिफॉर्म, नव्या बाई, आणि मागच्या शाळेत न झालेला धडा. घरी शिकणाऱ्याची वही एकच राहते.

मराठीचाही फायदा लोक सांगतात. तो मला तितकासा पटत नाही. आई घरी शिकवते म्हणजे मराठीत शिकवते असे नव्हे. परीक्षा इंग्रजीत द्यायची असल्याने तीच आई, जी एरवी भाकरी थापताना मराठी बोलली असती, ती आता दिवसाचे पाच तास इंग्रजीत समजावते. घरात शाळा शिरली की घराची भाषाही शाळेची होऊ लागते. यापेक्षा मुलगा शाळेतून परतल्यावर दप्तर फेकून ज्या भाषेत जेवायला मागतो, ती भाषा अधिक टिकते असे मला वाटते. हे अर्थात माझे मत.

घरच्या शाळेचे कैवारी मुंबईच्या मालविका जोशीचे नाव घेतात. दादरच्या शाळेतून आईने तिला सातवीच्या सुमारास काढले आणि घरी ठेवले. बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचे दार बंद राहिले, पण संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधली तिची तीन पदके पाहून अमेरिकेतील एमआयटीने २०१६ साली तिला प्रवेश दिला. मुलगी कौतुकास पात्र आहेच. पण हे उदाहरण देणारे एक विसरतात. ती पदके घरात मिळाली नाहीत. देशोदेशीच्या मुलांबरोबर, परक्या परीक्षकांपुढे बसून ती मिळवली. घरी शिकणाऱ्यालाही केव्हातरी बाहेरचा माणूस लागतो, आणि माझ्या मते सगळा प्रश्न या बाहेरच्या माणसापाशी येऊन थांबतो.

मी स्वतः लहानपणी वारंवार येणाऱ्या तापामुळे दोन वर्षे घरी शिकलो. मोठी ताई शिकवायची. तिने माझे अक्षर वळवले, व्याकरण पक्के केले, आणि पुढे कोणी शिकवले नसते इतके वाचून घेतले. ती मारत नसे. पण अपूर्णांक मला जमत नसत, आणि जगात अपूर्णांक न जमणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत झाली होती. पुन्हा शाळेत गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी अपूर्णांकांचा प्रश्न घातला आणि उत्तर न येणारी निम्मी वर्गभर मुले उभी राहिली. त्या दिवशी मला झालेला आनंद मी अजून विसरलो नाही. दुसऱ्यालाही येत नाही हे कळणे हा शिक्षणाचा मोठा भाग आहे, आणि तो कोणत्याही घरात शिकवता येत नाही, कारण घरात शिकवणाऱ्याला सगळे येत असते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मराठीत शिक्षिकेला आपण बाई म्हणतो. शाळेत बाई रागावल्या, छडी बसली, सगळ्या वर्गापुढे पाणउतारा झाला, तरी मुलाजवळ एक जागा शिल्लक असते. घरी जाऊन तो आईच्या कुशीत रडू शकतो. आई म्हणते, जाऊ दे, उद्या करशील बरोबर. किंवा न सांगताही चालते. शाळेत काय झाले ते घरी न सांगणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा जुना हक्क आहे. आता आईच बाई झाली तर? गणितावरून आई चिडली, तर मुलाने आईची तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? बाप संध्याकाळी दमून येतो, तो म्हणतो, आई सांगते ते ऐक. मुलाच्या आयुष्यात न्याय मागण्याची जी दोन दारे होती, त्यांतले एक बुजले. आईची कूस आणि बाईंचे टेबल एकाच खोलीत आले, आणि त्यात कमी झाली ती कूस.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आनंदीबाई जोशींचे आपण सर्वजण अभिमानाने नाव घेतो. १८८६ साली फिलाडेल्फियाहून एम.डी. झालेली कल्याणची मुलगी. नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले आणि शिकवणारा तिचा नवराच. गोपाळरावांच्या हट्टाशिवाय ती डॉक्टर झाली नसती हे खरे. पण अमेरिकेतून तिने त्यांना लिहिलेल्या पत्रात जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे, टाकून देण्याची धमकी. हे योग्य होते की अयोग्य, याचे उत्तर तिला सरळ एका बाजूला देता आले नाही. मराठीत घरी शिकलेल्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला लिहिलेले याहून प्रामाणिक पत्र मला माहीत नाही. शिकवणारा, पोसणारा आणि ज्याच्यावर प्रेम करायचे तो माणूस एकच असला, म्हणजे शिकणाऱ्याला कृतज्ञता आणि राग वेगळे करता येत नाहीत.

आजची आई मारत नाही, खुर्च्या तर नाहीच फेकत. तिचा मार वेगळा असतो. ओमानमध्ये नवऱ्यामागे गेलेली पुष्कळ मराठी बाई इथे मुंबई-पुण्यात नोकरी करणारी, शिकलेली असते. तिथे तिला नोकरी मिळत नाही किंवा करता येत नाही. मग मुलाचा अभ्यास हीच तिची नोकरी होते. मुलाचे गुण तिचा पगार होतो. शाळेतल्या बाईंना महिन्याचा पगार मिळतो, म्हणून नापास होणारा मुलगा त्यांचे काही देणे लागत नाही. घरी शिकणारा मुलगा मात्र प्रत्येक चुकीगणिक आईचा कर्जदार होतो. मी तुझ्यासाठी सगळे सोडले, हे वाक्य आईने उच्चारण्याचीही गरज नसते. दहा वर्षांचे मूल ते ऐकते.

आता कोणी म्हणेल की आपल्या पूर्वजांनी तरी काय केले? कोकणात शतकानुशतके ग्रंथ नाही, गुरू नाही, शाळा नाही, अशा स्थितीत त्यांनी शेमाचे शब्द आणि शनिवारचा विसावा घरातल्या घरात जपला. शनिवार तेली हे नाव त्यावरूनच पडले. घरच्या शिक्षणाचा याहून मोठा दाखला कोणता? दाखला मोठा आहे, मी नाकारत नाही. पण ते घर कसले होते ते आठवून पाहा. आजा-आजी, चुलते, चुलत्या, विधवा आत्या, पंधरा-वीस पोरे. मागे तेलाचा घाणा, पलीकडे विहीर, शेजारी आगरी, कोळी, मुसलमान. बाप रागावला तर आजीच्या मागे लपायचे, आजी रागावली तर वाडीत पळायचे. एका माणसाच्या हाती मुलाचे सगळे शिक्षण नव्हतेच. त्या काळी ज्याला घर म्हणत ते आजच्या हिशेबाने अर्धे गाव होते.

रुवीतल्या किंवा अल खुवैरमधल्या फ्लॅटलाही आपण घरच म्हणतो. दोन खोल्या, एक वातानुकूलन यंत्र, आईबाप आणि एक किंवा दोन मुले. गल्ली नाही, चाळीचा कॉमन व्हरांडा नाही, मे ते सप्टेंबर दुपारी खाली उतरण्याची सोय नाही. आजी व्हिडिओवर दिसते. घरी शिकवू असे म्हणणारा बाप मनात पेणचे घर धरतो आणि मुलाला बसवतो या फ्लॅटमध्ये. शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. हेच तुमच्या अश्दोदच्या किंवा लंडनच्या फ्लॅटलाही थोडेफार लागू पडते, हे वेगळे सांगायला नको.

शाळेची बाजू घेताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. ओमानमधल्या भारतीय शाळेत जाणारा मुलगा मल्याळी, तमिळ, गुजराती, हैदराबादी मुलांत वाढतो, ही मोठी कमाई. पण ज्या देशात तो जन्मला, त्या देशाचे मूल त्याच्या वर्गात बहुधा नसते. बारा वर्षे मस्कतमध्ये शिकून अरबी न येणारी मुले असतात. म्हणजे शाळा हेही एक घरच, जरा मोठे. या बाबतीत घरी शिकणाऱ्याचे नुकसान आणि शाळेत जाणाऱ्याचे नुकसान सारखेच आहे. (एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांना गमतीची वाटेल. २०१३ पासून ओमानमध्ये आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार आहे. मुंबईच्या शाळेत शाब्बाथच्या दिवशी हजेरी लावावी लागे म्हणून ज्यांच्या घरी भांडणे झाली, त्यांना हे वाचून हसू येईल.)

ओमानच्या स्वतःच्या इतिहासातही या प्रश्नाची एक विलक्षण कथा आहे. सुलतान सैद बिन तैमूर हे घरापासून दूर, आपल्या अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले. त्यांचे वडील तैमूर गादी सोडल्यावर पुढे मुंबईत राहिले आणि १९६५ साली तेथेच वारले. इतका हिंदुस्थानशी, शाळा-कॉलेजांशी संबंध आलेला हा राजा; पण त्याच्या अमलाच्या अखेरीस सबंध देशात सरकारी शाळा तीन, विद्यार्थी नऊशेच्या आसपास, आणि मुलगी एकही नाही. बाकीच्या मुलांना अक्षरओळख व्हायची ती कुराण शिकवणाऱ्याकडे, मशिदीत किंवा झाडाखाली. त्यांचा मुलगा काबूस इंग्लंडला शिकला, सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून अधिकारी झाला, आणि १९६४ साली परतल्यावर बापाने त्याला सलालाहमध्ये जवळजवळ नजरकैदेत ठेवले. धर्म वाच, आपल्या देशाचा इतिहास वाच. सहा वर्षे हा तरुण घरी बसून शिकत होता. २३ जुलै १९७० रोजी त्याने बापाला दूर केले, आणि मग शाळा निघाल्या त्या तंबूंत निघाल्या, इमारतीची वाट न पाहता, मुलींच्याही. झाडाच्या सावलीत बसवून का होईना, मुले शिकतील, असे त्याचे म्हणणे ओमानमध्ये अजून सांगतात.

आपल्याकडेही पाहा. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतीरावांनी घरी करून दिली, आणि १८४८ साली त्या भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले आईने, रानात आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेतली तेव्हा कुठे तिच्या विद्येला नाव मिळाले, आणि १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरी शिकवले, घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या, आणि पुढे पुण्यात सेवासदन उभे केले. घरी शिकलेल्या या बायकांनी इतरांना आपापल्या घरी शिका असे सांगितले नाही. त्यांनी शाळा काढल्या. घरी शिकण्याचे सुख आणि जाच दोन्ही त्यांना आतून माहीत होते, म्हणून त्यांची साक्ष मी इलिचसाहेबांच्या पुस्तकापेक्षा वजनदार मानतो.

अगदी अलीकडे सगळ्यांनाच या प्रश्नाची चव मिळाली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ओमानमधल्या शाळा बंद झाल्या आणि भारतीय शाळांतली मुले मोबाइल नाहीतर लॅपटॉप पुढ्यात घेऊन घरून शिकू लागली. याला कोणी घरची शाळा म्हणणार नाही, कारण बाई पडद्यावर होत्याच. पण एक गोष्ट तेव्हा जगभरच्या शिक्षकांना जाणवली, ती म्हणजे मुले कॅमेरा बंद करून बसतात. मोठ्यांनी त्याला आळस म्हटले. मुलाच्या जागी बसून पाहिले तर कारण दुसरेही सापडते. मागे आई भाजी चिरत होती. बाईंनी विचारलेला प्रश्न तिने ऐकला, चुकलेले उत्तरही ऐकले. ज्या दोन जगांमध्ये तोवर एक बसचा प्रवास होता, ती एका खोलीत आली. कॅमेरा बंद करून मुलांनी मधली भिंत परत उभारली एवढेच. मात्र त्याच काळात वर्गातल्या चिडवण्यापासून सुटका झाली म्हणून सुखावलेलीही काही मुले होती, आणि शाळा उघडल्यावर त्यांना परत जाणे जड गेले. त्यांचे म्हणणे मी खोटे ठरवणार नाही. ज्या मुलाला शाळेत रोज छळले जाते, त्याला मी वर सांगितलेली भिंत काय कामाची? त्याला आधी घरचे दार हवे.

म्हणून सरसकट निकाल मी देत नाही. देशोदेशीच्या कायद्यांनीही तो एकसारखा दिलेला नाही. जर्मनीत घरची शाळा चालत नाही. इस्राएलात १९४९ पासून शिक्षण सक्तीचे आहे आणि घरी शिकवायचे तर शिक्षण खात्याची परवानगी लागते. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शाळेचे नावच नाही. या तीन तऱ्हांत सरकार आणि आईबाप यांच्यातला हक्क कोणाचा एवढेच ठरते. मुलाचे नाव आले ते दुसरीकडे. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात बाराव्या कलमात असे आहे की मुलाशी संबंध असलेल्या गोष्टीत त्याचे मत ऐकावे, आणि वयाच्या व समजुतीच्या मानाने त्याला वजन द्यावे. इस्राएलने हा करार १९९१ साली मानला, भारताने १९९२ साली, ओमानने १९९६ साली. म्हणजे हे लिहून झाले आहे. घरात मात्र कोणी विचारत नाही.

विचारायचे तर कसे, याचा थोडा विचार केला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला विचारून उपयोग नाही, तो आईजवळ राहीनच म्हणणार. नऊ-दहाव्या वर्षी विचारावे, आणि पुढे दरवर्षी विचारावे, कारण नवव्या वर्षीचे उत्तर बाराव्या वर्षी तेच राहत नाही. वर्षातून एकदा तरी त्याचा अभ्यास बाहेरच्या माणसाने पाहावा. पाहणारा घरचा कोणी नसावा, म्हणजे चूक ही चूक राहते, घरातले भांडण होत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलाने दुसऱ्या कोणाकडे जाऊन काहीतरी शिकावे, मग ते पोहणे असो, तबला असो, नाहीतर शेजारच्या ओमानी काकांकडून अरबी असो. तिथे आईने थांबू नये, आणि परतल्यावर काय झाले म्हणून खोदून विचारू नये.

आणि तो मुख्य प्रश्न आईच्या देखत विचारू नये. आईसमोर मूल आईला आवडेल तेच सांगते. मामाने विचारावा, मावशीने विचारावा, सुटीत घरी आलेल्या मोठ्या चुलत भावाने विचारावा, फिरायला नेऊन, सहज. मूल बहुधा पहिल्यांदा माहीत नाही असे म्हणते. तेवढ्यावर आईबापांना जाऊन सांगू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला न्यावे.